मावशी, मी आणि मिशनचे दवाखाने: विदर्भातले पाच दिवस

माझा जन्म वाशीमचा, तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यातला. पण घरात विषय निघाला की आई 'हा मिशनमधला' असंच सांगायची, जणू मला तिथून विकत आणलं होतं. त्याच मिशनच्या दवाखान्यात माझी धाकटी मावशी १९७०च्या दशकात नर्सिंग शिकली. पुढे सरकारी नोकरीत तीसेक वर्षं काढून निवृत्त झाली. यंदा डिसेंबरात सुट्टी घेऊन तिला म्हटलं, चल, विदर्भातली मिशनची जुनी ठिकाणं बघून येऊ.

"येतो," ती म्हणाली. "पन मी चर्च पाहाले नाही येनार. दवाखाने दाखव मले."

गाडी मावसभावाची, चालवणारा मी. नागपुरात तर्री-पोहे खाऊन निघालो.

पहिला दिवस: टाकळघाट, वर्धा

नागपूरकरांच्या तोंडी हिस्लॉप कॉलेजचं नाव रोज असतं. ज्याच्या नावाचं ते कॉलेज, तो माणूस कुठे गेला हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाद्री. १८४५ मध्ये, म्हणजे भोसल्यांचं राज्य अजून शिल्लक होतं तेव्हा, नागपुरात आला. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात हातोडा असा हा गडी होता. नागपूरच्या आसपासच्या खडकांतले जीवाश्म त्याने गोळा केले, गोंडांची गाणी-कथा उतरवून घेतल्या आणि शाळा काढल्या. ४ सप्टेंबर १८६३ ला तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला आला होता. तिथून बोरीच्या गावशाळेची तपासणी करायला गेला. संध्याकाळी एकटाच घोड्यावरून परत येताना ओढ्याला पूर होता. वय ४५.

डिसेंबरात त्या भागातल्या ओढ्यांना घोट्याएवढं पाणी असतं. नेमका ओढा कोणता हे सांगणारी पाटी आम्हाला कुठे दिसली नाही. शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाबांना विचारलं, इथे एक इंग्रज बुडाला होता म्हणे?

"कोन्या साली?"

"१८६३."

बाबा हसले. "तवा तं माह्या बापाचा बाप बी नवता."

मावशी पाण्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "शाळा तपासाले आलता नं? मंग ड्युटीवर गेला मनायचं." पाचही दिवस तिची फूटपट्टी हीच होती. धर्मबिर्म नंतर, आधी माणूस ड्युटीवर होता की नव्हता ते सांगा.

दुपारी वर्ध्यात मगनवाडीला गेलो. मिशनच्या सहलीत गांधींचं वर्धा कसं काय, असं विचाराल. कारण एकच, जे. सी. कुमारप्पा. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरकडचे तमिळ ख्रिस्ती, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचा गाडा त्यांनी इथूनच हाकला. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा 'मगनदीप' कंदील, असं सगळं इथे चालायचं. इंग्रजी राज्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चर्चला याच माणसाने सत्याग्रहाच्या काळात खडसावलं होतं. येशूला मानायचं तर गरिबाच्या बाजूने उभं राहायचं, साहेबाच्या नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता. गांधीजीही मिशनऱ्यांना हेच सांगत: दवाखाने चालवा, शाळा चालवा, पण त्याच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवू नका. विदर्भात चर्चच्या कामाबद्दलचा वाद आजही याच एका वाक्याभोवती फिरतो. वर्ध्याच्या धुळीत तो नव्वद वर्षांपूर्वीच झाला होता.

मगन संग्रहालय बघायचं असेल तर उघडं आहे ना ते आधी विचारून जा, आणि निघताना गोरस पाक घ्या. आमचे दोन पुडे यवतमाळच्याही आधी संपले.

रात्री लॉजवर मावशीने आल्या-आल्या गादीवरची चादर ओढून काढली, झटकली आणि पुन्हा घातली. चारही कोपरे दुमडून गादीखाली असे दाबले की चादरीवर रुपया टाकला असता तर उडाला असता. मी म्हटलं, अगं, लॉजचा पोरगा करेल. "तो काय करते? गुंडाळून ठेवते. सुरकुती राह्यली का पेशंटच्या पाठीले जखम होते."

दुसरा दिवस: उमरी, यवतमाळ

हिंगणघाट सोडल्यावर वडनेरजवळ टायर बसला. स्टेपनीतही हवा नव्हती, ही चूक सर्वस्वी माझी. पंक्चरवाला येईपर्यंत दीड तास रस्त्याकडेला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया वेचत होत्या. त्यांतल्या एकीने बोलावून तुरीच्या ओल्या शेंगा ओंजळभर दिल्या, म्हणून तक्रार नाही.

पांढरकवड्याकडच्या उमरीला फ्री मेथडिस्ट मिशनचा दवाखाना. नकाशावर बोटाने शोधावं लागतं असं गाव, पण आसपासच्या कापूसपट्ट्यात 'उमरीला नेलं' म्हटलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. बाहेर चहाच्या टपरीवर एक शेतकरी भेटला. बायकोला घेऊन आला होता. मिशनमध्ये फुकट असतं का हो, म्हणून विचारलं.

"फुकट कायचं? पैसे लागतेच. पन बुडवत नाही कोनी. किती लागन ते आधी सांगते."

यावर मी बराच विचार केला. कापसाच्या मुलखात माणूस कर्जात जातो तो एका झटक्यात नाही. बियाणं, फवारणी आणि मध्येच एखादं आजारपण. दवाखान्याचा खर्च आधी कळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. ही कुठल्या अहवालात बसत नाही, पण सावकाराच्या दाराशी जायच्या आधीची एक पायरी वाचते.

यवतमाळला पोचेपर्यंत अंधार झाला. या शहरात १९५३ ते १९८३ युनियन बायबल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. तीस वर्षं देशभरातले होऊ घातलेले पाळक यवतमाळच्या उन्हात शिकले. कवी नारायण वामन टिळकांना नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीत ज्या गोऱ्या माणसाने नवा करार दिला, तो अर्नेस्ट वॉर्डही याच फ्री मेथडिस्ट मंडळींतला, असं अभ्यासक मानतात. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मराठी भक्तिकवितेतला एक मोठा फाटा आमच्या भागातल्या रेल्वेच्या डब्यात फुटला. मावशीला यात काडीचा रस नव्हता. तिला पिठलं-भाकर आणि ठेचा हवा होता, तो मिळाला, ती झोपली. चादर अर्थातच आधी बदलून.

तिसरा दिवस: वाशीम

दारव्हा, कारंजा, मंगरूळपीर करत वाशीम. वाटेत एक गंमत मोजत होतो. विदर्भात 'कॉन्व्हेंट' शब्दाचा अर्थ इंग्रजी शाळा. पाटीवर कुठल्या तरी वारकरी संताचं नाव आणि पुढे 'कॉन्व्हेंट', आत सरस्वतीचा फोटो. कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ, हे मी मावशीला सांगितलं तर तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. नन्सच्या शाळांनी शिस्तीचा आणि इंग्रजीचा असा दबदबा निर्माण केला, की पुढे धर्म बाजूला पडला आणि शब्द तेवढा सगळ्यांनी उचलला.

वाशीमच्या मिशनच्या दवाखान्याचं कागदोपत्री नाव रेनॉल्ड्स मेमोरियल. नाझरीन चर्चच्या मंडळींनी तो १९३८ मध्ये सुरू केला. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी जवळजवळ चार दशकं इथे काढली. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं, जिल्हा झाला १९९८ मध्ये. अडलेल्या बाईला बैलगाडीतून आणत, आणि गाडीच्या चाकाचा आवाज ओळखून वॉर्डातल्या मुली उठून बसत, असं मावशी सांगते.

फाटकाशी ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मग बोलायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

आमचं घर कुणब्याचं, खाऊन-पिऊन बरं. मावशीला नर्स व्हायचं आहे म्हटल्यावर आजोबांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. परक्यांची घाण काढायची, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, तोही 'बाटलेल्यांच्या' पोरींबरोबर राहून! त्या काळात आमच्याकडच्या खेड्यांत नर्स म्हणजे ख्रिस्ती मुलगी, हे समीकरणच होतं. बाकीच्या जातींनी ज्या कामाला नाक मुरडलं ते काम या मुलींनी केलं आणि त्यातून महिन्याचा पगार घरी आणला. पावसावर अवलंबून नसलेला पगार! मावशीच्या खोलीत चार मुली. दोघी मिशन कंपाउंडमधल्या, म्हणजे मिशनच्या वसाहतीतल्या, एक बौद्ध आणि ही.

"पहिल्या दिवशी ट्यूटर सिस्टरनं काय शिकवलं माहीत आहे? इंजेक्शन नाही, काही नाही. बेडपॅन धुवाचा. मंग चादर. कोपरा पंचेचाळीस अंशाचा नसला का ओढून फेकायची अन् मनायची, परत कर. मी सात वेळा केली. रडली मी." थोडं थांबून म्हणाली, "सकाळी प्रार्थनेले बसा लागे. मी बसे. डोये मिटून घरचा गनपती आठवे. कोनी काही म्हटलं नाही."

पहिल्या विद्यावेतनातून तिने आजोबांना धोतरजोडी घेतली. आजोबांनी ती दोन वर्षं नेसली नाही. तिसऱ्या वर्षी विहिरीवर इंजिन बसवायला मावशीच्याच पगारातून पैसे गेले, त्या पूजेला नेसली.

दुपारी तिच्या जुन्या मैत्रिणीच्या घरी जेवलो. नाताळ चार दिवसांवर, त्यामुळे ओट्यावर करंज्यांचं ताट, चकल्यांचा डबा, दारात कागदी चांदणी. फराळ आपला दिवाळीचाच, तारीख तेवढी वेगळी. घरातले आजोबा नव्वदीला टेकलेले. त्यांनी "सलाम" केला, मराठी ख्रिस्ती घरांतला हा नमस्कारच, मीही सलाम म्हटलं. त्यांचे वडील १९००च्या मोठ्या दुष्काळात अनाथ झाले होते. तेव्हा अलायन्स मिशनने अकोल्याला मुलांचा आणि खामगावला मुलींचा अनाथाश्रम चालवला होता. वडील अकोल्याच्या आश्रमात वाढले, सुतारकाम शिकले.

मी जरा चाचरतच तो प्रश्न विचारला. लोक म्हणतात, दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला.

"पोटासाठीच," आजोबा म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. "माझा बाप सहा वर्षांचा होता. गावात दाणा होता काही घरांत. त्याला कुणी दिला नाही. ज्यानं दिला त्याच्या मागं गेला. तुम्ही गेला नसता?"

मला उत्तर सुचलं नाही. करंजी खाल्ली.

त्यांचा नातू बँकेच्या परीक्षा देतो. त्याची तक्रार वेगळी आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तर त्याचं अनुसूचित जमात असणं सुटत नाही, दलित झाला तर जात कागदावरून जाते, गावातून जात नाही. "मिशननं आमच्या आजोबांना पुढं नेलं," तो म्हणाला, "आणि आम्ही तिथंच थांबलो." घर कंपाउंडचं, नोकरी कंपाउंडची, लग्नही कंपाउंडातच. परदेशातून पैसा येत होता तोवर ते चाललं. गोरे लोक गेले, पैसा आटला, आणि ज्यांच्या हातात कसब होतं ते तरले. बाकीचे जागेच्या वादांत अडकले. हे बोलताना त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

इथे जायचं असेल तर एक लक्षात ठेवा: ही पर्यटनस्थळं नाहीत, चालते दवाखाने आहेत. कुणी ओळखीचं असेल तरच आत जा, वॉर्डात कॅमेरा काढू नका. रविवारच्या उपासनेला मात्र कुणीही बसू शकतं. तबला-पेटीवरची मराठी भजनं ऐकाल तर पाच मिनिटं आपण कुठल्या देवळात आहोत ते विसराल.

चौथा दिवस: कोठारा

अकोला, अकोट, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा. रस्ता लांबला, पण अंजनगावच्या पुढे संत्र्याच्या बागा लागल्या आणि मावशीचा राग गेला.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे. ही संस्था १८७४ मध्ये वेलस्ली बेली या आयरिश माणसाने काढली. आज इथे सर्दी-तापाचेही रोगी येतात, पण जुनी ओळख महारोग्यांचा दवाखाना अशीच. मावशी सरकारी नोकरीत असताना महारोगाच्या सर्वेक्षणात गावोगाव फिरली आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली, त्यानंतर हा रोग खऱ्या अर्थाने बरा होऊ लागला. गोळी घेतल्यावर लघवी लाल होते म्हणून घाबरून पत्ताच फेकून देणारे लोक तिने समजावले आहेत. २००५च्या डिसेंबरात देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाल्यावर निर्मूलन जाहीर झालं. "जाहीर झालं," मावशी म्हणते आणि पुढे काही बोलत नाही.

बाहेरच्या बाकावर साठीतले एक काका बसले होते. एका हाताची बोटं आत वळलेली. बोलता-बोलता त्यांनी आपला रोजचा क्रम सांगितला. संध्याकाळी पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, कडक झालेली कातडी खरबरीत दगडाने हलके घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं आणि मग दिव्याखाली तळवा बघायचा. काटा, खडा, फोड, काही आहे का? कारण दुखत नाही. दुखत नाही हाच तर रोग. पायात त्यांच्या काळ्या रबराची चप्पल होती. दिसायला साधी, पण आतला थर मऊ, बोट रुतेल असा, आणि मागे पट्टा. या चपलेला सगळे 'एमसीआर' म्हणतात, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर.

"ही चप्पल नव्हती तवा पायाले भोक पडे," काका म्हणाले. "भोक पडलं का काम बंद. काम बंद का घरचे बी..." हाताने हाकलल्याची खूण केली. आता ते गावात शेळ्या पाळतात, मुलाच्या घरात राहतात.

मावशी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "दाखवा पाय." त्यांनी दाखवला. तिने चष्मा वर सरकवून तळव्यावरून अंगठा फिरवला, टाचेशी थांबली. "इथं भेग आहे. तेल कमी पडून राह्यलं." काका शाळकरी पोरासारखे ओशाळले. थंडीत कंटाळा येतो म्हणाले.

मी आर्थिक विकास वगैरे शब्द डोक्यात घेऊन निघालो होतो. एक मऊ रबराची चप्पल माणसाला चालता ठेवते, चालता राहिला तर शेळ्या चारतो, शेळ्या असल्या तर घरात ताट मिळतं. याच्यापुढे मला काही मांडता आलं नाही.

पाचवा दिवस: चिखलदरा

परतवाड्याहून घाट चढून साधारण तीस किलोमीटर. नाताळच्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, आधी ठरवा. आम्हाला मिळाली तिचं दार बंद होत नव्हतं. १,११८ मीटर उंचीवरची थंडी आहे, स्वेटर नव्हे, शाल-मफलर सगळं लागतं. अंधार पडल्यावर मेळघाटात गाडी घालू नका, आणि परतवाड्यालाच पेट्रोल भरा.

इथले मूळ लोक कोरकू. त्यांची बोली मराठीची बहीण नाही आणि गोंडीचीही नाही. ती मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली. या बोलीचं व्याकरण १९०३ मध्ये छापलं ते जॉन ड्रेक या मिशनऱ्याने. मिशनचं ठाणं तेव्हा एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होतं. हेतू धर्मप्रसाराचाच होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्या भाषेला बाजारात आणि कचेरीत कुणी भाषा म्हणत नव्हतं, तिचे क्रियापदांचे तक्ते करायला कुणी तरी बसलं, हेही खरं. चिखलदऱ्याजवळ मरियमपूर नावाचं गाव आहे, नावावरूनच कॅथलिकांचा हात कळतो. वाटेत कॉफीची झाडं दिसतात. महाराष्ट्रात कॉफी फार कमी ठिकाणी दिसते, त्यातलं हे एक.

रबडीच्या दुकानात एक कोरकू मुलगी भेटली. एएनएम, म्हणजे नर्स-सुईणीचा कोर्स, करते आहे, सुट्टीला घरी आलेली. मावशी नर्स होती कळल्यावर तिने चुलीजवळची जागा सोडून दिली. दोघींचं जे काही सुरू झालं त्यात माझी रबडी खाऊन झाली, दुसरी झाली, तरी संपेना. बाळाची शीर सापडत नाही तेव्हा काय करायचं? बाळंतीण दवाखान्यात यायला तयार नसेल तर सासूला आधी धरायचं की नवऱ्याला? "सासूले," मावशी म्हणाली. "नवऱ्याले कायची अक्कल?" मुलगी ख्रिस्ती आहे की नाही ते मावशीने विचारलं नाही, मलाही नंतर लक्षात आलं.

शेवटच्या सकाळी धुकं इतकं होतं की खिडकीतून दरीच काय, समोरची गाडीही दिसत नव्हती. मावशी अंघोळीला गेली होती. आज आपण करू म्हणून मी चादर झटकली, घातली, कोपरे दुमडले, गादीखाली दाबले. मला तरी बरं जमलं होतं.

ती बाहेर आली. केस पुसत पलंगाकडे पाहिलं. एका हाताने चादर ओढून काढली आणि माझ्या अंगावर फेकली.

"परत कर."